झालर नंतर बघा, आधी मेख बघा!

गुढीपाडवा झाला की सोलापूर जिल्ह्यात मांडवाचे दिवस सुरू होतात. लग्नसराई असते, गावोगावच्या जत्रा असतात, रामनवमी ते हनुमान जयंतीचे अखंड हरिनाम सप्ताह असतात, शिवाय 1 मेची ग्रामसभा. कुठल्याही रस्त्याने जा, एखाद्या वस्तीपुढे नाहीतर देवळापुढे लाल-पिवळ्या कापडाचं छत दिसणारच. आणि नेमके हेच दिवस वळवाचे. दुपारी चारपर्यंत झाडाचं पान हलत नाही, अंगाची काहिली होते. मग एका अंगाने काळा ढग चढतो, धुळीचा लोट उठतो आणि पाच-दहा मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं. पंगत अर्धी उठलेली, बायकापोरं आत, आणि वर छत फडफडायला लागतं.

मांडव ठरवायला गेलेला यजमान पहिला प्रश्न काय विचारतो? "झालर कुठल्या रंगाची? स्टेजला फुलं खरी की कागदी? पंखे किती?" मेखा किती ठोकणार, किती लांबीच्या, आणि वारा सुटला तर कापड सोडायला माणूस थांबणार का, हे सहसा कुणी विचारत नाही. मांडव मात्र उभा राहतो तो त्या मेखांवर.

राजस्थानात बाडमेर जिल्ह्यातील जसोल गावात 23 जून 2019 रोजी रामकथा चालू होती. अचानक वादळ आलं, मांडव उखडला आणि लोखंडी सांगाड्यासकट खाली बसलेल्या लोकांवर आला. त्यात विजेचा प्रवाहही उतरला. 14 भाविक गेले, कितीतरी जखमी झाले. मुलूख कोरडा, ऊन कडक, वारा अचानक सुटणारा. आपल्याकडेही चैत्र-वैशाखात याहून वेगळं काही नसतं. म्हणून मांडव कसा घालतात आणि त्यावर कापड कसं चढवतात, हे यजमानाने, सरपंचाने आणि ग्रामसेवकाने एकदा नीट समजून घ्यायला हवं.

पूर्वीचा मांडव, आताचा मांडव

जुन्या पद्धतीचा मांडव म्हणजे बेचके असलेल्या लाकडी मेढी, त्यावर आडवे बांबू किंवा वासे, आणि वर डहाळे. पहिली मेढ मुहूर्त बघून रोवायची, तिला उंबराची फांदी बांधायची, ती मुहूर्तमेढ. मग भावकीतली माणसं वाजतगाजत मांडवडहाळे आणायची. आंबा, जांभूळ, उंबर, मिळेल तो पाला वर पसरायचा. मेढ हातभर खड्ड्यात पुरलेली असायची, भोवती दगड ठेचून बसवलेले असायचे. आणि मुख्य गोष्ट, पाल्याच्या छतातून वारा आरपार जायचा. चार डहाळ्या उडाल्या तरी मांडव जागेवर राहायचा.

कापडाचा मांडव आला आणि सगळा हिशेब बदलला. कापड सावली दाट देतं, दिसायला देखणं, उभारायला चार तास पुरतात, आणि तेच सामान उद्या दुसऱ्या गावाला जातं. पण कापडातून वारा जात नाही. त्यावर पावसासाठी प्लॅस्टिकची ताडपत्री टाकली की तर मुळीच नाही. असं छत म्हणजे गलबताचं शीड. शिवाय आताचे खांब जमिनीत पुरलेले नसतात. लोखंडी पाइप, त्याच्या खाली चौकोनी पत्रा, आणि तो नुसता जमिनीवर टेकवलेला. वरून ओझं आलं तर तो पाइप ते पेलतो. पण वारा ओझं टाकत नाही, तो छत वर उचलतो. उचलणाऱ्या छताला खाली धरून ठेवणारं एकच साधन उरतं, ते म्हणजे तणावा आणि त्याच्या टोकाची मेख.

वाऱ्याचा हिशेब

हवामान खात्याच्या इशाऱ्यात "ताशी 50 ते 60 किलोमीटर वेगाने वारे" असे शब्द उन्हाळ्यात आपण नेहमी वाचतो. ताशी 60 किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण 17 किलोचा जोर लावतो. 30 बाय 60 फुटांचा मांडव म्हणजे सुमारे 167 चौरस मीटर छत. सगळ्या छतावर हा जोर आला तर होतात जवळपास पावणेतीन टन, म्हणजे सिमेंटची पंचावन्न पोती. छताचा आकार, उतार आणि बाजूच्या कनाती यावर हा आकडा कमीजास्त होतो, पण अंदाज यायला एवढं पुरे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी 60 चा वारा 90 वर गेला, म्हणजे दीडपट झाला, की जोर सव्वादोन पट होतो आणि त्याच मांडवावर सहा टनांच्या पुढे जातो. "मागच्या वारी वारं आलं होतं, काय झालं नाही" हे म्हणणं म्हणूनच फसवं आहे. मागचा वारा थोडा कमी असेल, एवढंच.

द्राक्षाच्या बागेला जे कळतं

या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे नव्याने शिकवायची गरज नाही. ज्याने द्राक्षाचा नाहीतर दोडक्या-कारल्याचा मांडव केला आहे, त्याला सगळा भार कडेच्या खांबावर येतो हे पक्कं माहीत असतं. तो कडेचा खांब बाहेरच्या अंगाला कलता रोवतो, खड्ड्यात मोठा दगड पुरतो, त्याला तार बांधून ताण देतो. ताण ढिला पडला तर फळांनी लगडलेली बाग जमिनीवर बसते, हे त्याने स्वतःच्या नाहीतर शेजाऱ्याच्या रानात पाहिलेलं असतं.

लग्नाच्या मांडवालाही हाच नियम आहे. मधले खांब छत तोलून धरतात, पण मांडव उभा ठेवतात ते कडेचे आणि कोपऱ्यांचे ताण. बागेला सहा महिने जपणारा माणूस पाचशे माणसं बसणाऱ्या मांडवाकडे एकदा चक्कर मारून बघत नाही, याचं नवल वाटतं.

मेख कशी असावी

मेख लोखंडी सळईची नाहीतर पक्क्या लाकडाची, अडीच-तीन फूट लांबीची असावी. निदान दोन तृतीयांश जमिनीत जायला हवी. ती सरळ उभी ठोकू नये. डोकं मांडवापासून बाहेरच्या अंगाला कलतं ठेवून तिरपी ठोकावी, म्हणजे दोर आणि मेख यांचा काटकोन होतो आणि ओढ आली तरी ती उपसून येत नाही. दोर मेखेच्या डोक्याला न बांधता जमिनीलगत बांधावा.

खांब जेवढा उंच, साधारण तेवढ्याच अंतरावर मेख असावी. बारा फुटी खांबाला दहा-बारा फुटांवर. जागा कमी म्हणून खांबाच्या पायाशीच मेख ठोकली तर ती नुसती शोभेची. कडेच्या प्रत्येक खांबाला एक तणावा हवा, आणि कोपऱ्याच्या खांबाला दोन बाजूंना दोन.

जमीन बघून पद्धत बदलते. मुरमाड माळावर मेख जायला त्रास देते, पण गेली की घट्ट धरते. काळ्या रानात उलट. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी लागते, मेख ठणठणीत बसल्यासारखी वाटते, पण एक सर पडली की तीच माती लोण्यासारखी होते. तिथे लांब मेखा घ्याव्यात आणि कोपऱ्यावर एकामागे एक दोन ठोकून एकमेकींना बांधाव्यात. देवळापुढे फरशी नाहीतर काँक्रीट असेल, मेख ठोकताच येत नसेल, तर वजन ठेवावं लागतं. पाण्याने भरलेला दोनशे लिटरचा बॅरल दोनशे किलोचा होतो. वाळूचं पोतं पन्नासेक किलोचं. पोती खांबाच्या पत्र्यावर नुसती ठेवून भागत नाही, ती खांबाला बांधलेली हवीत. कोपऱ्याला भरलेली ट्रॉली उभी करून तिला तणावा बांधला तर सर्वांत उत्तम.

सांगाडा आणि तिरके टेके

चार उभे खांब आणि चार आडवे बांबू यांची चौकट कोपऱ्यावर ढकलली की बाजेसारखी कलते. म्हणून कडेच्या गाळ्यांत तिरका बांबू किंवा पाइप बांधायचा. कैचीसारखे दोन तिरके बांधले तर अधिक चांगलं. बांबू काथ्याने बांधायचा असेल तर काथ्या भिजवून बांधतात, वाळला की तो आवळून बसतो. पाइपला क्लँप असतात, त्यांचे बोल्ट पान्ह्याने आवळले आहेत की हाताने, हे हलवून पाहावं.

जागा निवडताना वर नजर टाकावी. विजेच्या तारेखाली मांडव नको म्हणजे नको, मग ती तार कितीही उंच असो. वाळलेल्या किंवा पोखरलेल्या झाडाखालीही नको. अकोला जिल्ह्यातील पारस येथे 9 एप्रिल 2023 च्या रात्री वादळात मंदिराच्या आवारातलं जुनं कडुनिंबाचं झाड पत्र्याच्या शेडवर पडलं आणि आश्रयाला थांबलेले सात जण दगावले. शेड पत्र्याची असूनही झाडापुढे टिकली नाही, तिथे कापड काय टिकणार?

कापड चढवण्याची रीत

मांडवाचं कापड चांगलं की वाईट, हे मध्यभागी बघून कळत नाही, किनार बघून कळतं. किनार दुहेरी मुडपून शिवलेली हवी. चांगल्या शामियान्याच्या किनारीत आतून दोरच शिवलेला असतो, म्हणजे ओढ कापडाला न बसता दोराला बसते. ताडपत्रीच्या कडेला धातूच्या कड्या बसवलेल्या असतात. घाईत एक सोडून एक कडी बांधतात, तसं करू नये. एक कडी फाटली की शेजारची दुप्पट ओढ घेते, मग ती फाटते, आणि फाटत फाटत सगळी बाजू सुटते.

दोन पट्टे जोडताना कौलं घालतो तसं घालावं. वरचा पट्टा खालच्या पट्ट्यावर हातभर चढलेला असावा, म्हणजे पाणी आत येत नाही. मध्ये आडं उंच आणि दोन्ही बाजूंना उतार हवा. चार फुटांना एक फूट उतार असला तर पाणी थांबत नाही. सपाट छत दिसायला छान, पण पावसात घातकी. पाणी साचलं की कापडाला झोळ पडतो, झोळ पडला की आणखी पाणी येतं. सहा बाय सहा फुटांच्या झोळात चार इंच पाणी धरलं तर सुमारे 340 लिटर, म्हणजे तेवढेच किलो एका जागी लोंबतात. तो झोळ खालून बांबूने ढोसण्याची आपल्याकडे सवय आहे. आधी खालची माणसं आणि वीज बाजूला करावी, मगच बांबू हातात घ्यावा.

दोराचाही स्वभाव असतो. सुती आणि काथ्याचा दोर भिजला की आकसतो आणि मेख ओढतो, म्हणून पावसाच्या आधी तो जरा सैल करावा लागतो. नायलॉनचा दोर भिजला की सैलावतो आणि गुळगुळीत असल्यामुळे त्याची गाठ निसटते. त्याला एक वेढा जास्त द्यावा. सप्ताहाचा मांडव आठ दिवस उभा असतो, त्याचे तणावे रोज सकाळी एकाने फिरून आवळायला हवेत.

गाठीचं एक सूत्र ध्यानात ठेवावं. खांबाला आणि मेखेला निरगाठ, कापडाला सुरगाठ. म्हणजे वेळ आली तर खालूनच ओढून कापड सोडता येतं आणि सांगाडा उभा राहतो. कापड गेलं तर हजाराचं नुकसान, सांगाडा पडला तर माणसाचं.

बाजूच्या कनाती हाही एक मुद्दा आहे. तीन बाजू कनातीने बंद आणि एक बाजू उघडी असेल तर वारा आत शिरतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि तो छत खालून उचलतो. छत्री उलटी होते ती याच कारणाने. वारं सुटायची लक्षणं दिसली की पहिल्यांदा कनाती सोडाव्यात.

वारीची राहुटी बघा

चांगल्या बांधणीचा नमुना बघायला लांब जायला नको. आषाढी वारीत माउलींची पालखी धर्मपुरीजवळ जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पंढरपूरला पोहोचते. दर मुक्कामी दिंड्यांच्या राहुट्यांचं गावच वसतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठतं. आषाढाचा वारा आणि पाऊस अंगावर घेत या राहुट्या रोज नव्या रानात उभ्या राहतात.

राहुटीत काय असतं? दोन खांब, वर एक आडं, आणि दोन्ही बाजूंना जमिनीपर्यंत उतरणारं कापड. उंची कमी, उतार तीव्र, कडेला जवळ जवळ मेखा, आणि भोवती पाणी वाहून जायला वीतभर चर. वाऱ्याला धरायला सपाट जागाच मिळत नाही. मांडव इतका बुटका करता येणार नाही, पण उतार, मेखा आणि चर या तीन गोष्टी तिथून उचलता येतील.

आग आणि आकडा

हरियाणातील डबवाली येथे 23 डिसेंबर 1995 रोजी शाळेच्या स्नेहसंमेलनात कृत्रिम धाग्याच्या मांडवाला आग लागली. जळतं कापड वितळून खाली बसलेल्या लोकांवर पडलं, बाहेर पडायला पुरेशी वाट नव्हती. चारशेहून अधिक माणसं गेली, त्यात बहुसंख्य लहान मुलं होती. सुती कापडही पेटतं, पण ते वितळून अंगाला चिकटत नाही, एवढा फरक लक्षात ठेवावा.

भारतीय मानक ब्युरोचं आयएस 8758 हे मानक खास मांडवांच्या आगीविषयी आहे. छत निदान तीन मीटर उंच असावं, कृत्रिम धाग्याचं कापड आणि दोर टाळावेत, विजेच्या तारेखाली मांडव नसावा, हे त्यातले मूळ मुद्दे. त्याला आपल्या गावापुरतं आणखी एक जोडायला हवं. आचाऱ्याची चूल आणि गॅसच्या टाक्या मांडवाच्या आत नकोत, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, सुटं अंतर ठेवून हव्यात. बाहेर पडायच्या वाटा समोरासमोर निदान दोन असाव्यात आणि तिथे खुर्च्यांच्या थप्प्या लावू नयेत.

विजेबाबत तर आपला कारभार उघडाच आहे. तारेवर आकडा टाकायचा, जोडाजोड केलेली वायर पाइपला गुंडाळत न्यायची, आणि सगळा लोखंडी सांगाडा ओल्या जमिनीवर उभा. वायर जरा सोलली गेली की हात लावेल त्याला झटका. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्यावी. अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच लावावा, आणि मुख्य बटण कुठे आहे हे निदान चार माणसांना माहीत असावं. वादळ आलं की आधी बटण बंद, मग माणसं बाहेर, पक्क्या घरात नाहीतर शाळेत. खांब धरून कुणीही थांबू नये. टनांचा जोर चार पोरांना धरून राहत नाही, आणि खांबात वीज उतरली तर सुटकाही नाही.

म्हणून मांडवच नको का?

तसं मुळीच नाही. खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक भर उन्हात उघड्यावर बसले होते. उष्माघाताने 14 जणांचा जीव गेला. सोलापूरच्या उन्हात सावलीशिवाय माणसं बसवणं हा काही कमी धोका नाही. सावली हवीच, पण ती कशाची हे प्रसंग बघून ठरवावं.

दिवसाची ग्रामसभा, कुस्तीचं मैदान, जत्रेतलं बसणं, अशा वेळी पावसाचं छत लागत नाही, नुसती सावली लागते. तिथे शेडनेट चांगलं. रोपवाटिकेला आणि बेदाण्याच्या शेडला वापरतो तेच. ऊन अर्धं अडतं, गरम हवा वर निघून जाते, आणि वारा बऱ्यापैकी आरपार जातो, म्हणून सांगाड्यावर जोर कमी येतो. डहाळ्यांच्या जुन्या मांडवाचा गुण त्यात आहे. मात्र तेही ताणून, मेखा ठोकूनच बांधायला हवं.

ग्रामपंचायतीला यात खर्चाचं काम थोडं आणि लक्षाचं जास्त आहे. गावच्या मोकळ्या जागेवर मांडवाला परवानगी देताना एक साधी चिठ्ठी करून घ्यावी. मांडव किती बाय किती, तणावे किती, मेखा किती लांबीच्या, वीज कुठून, वाटा किती, आणि कार्यक्रम संपेपर्यंत मांडववाल्याचा कोणता माणूस हजर राहणार. देवळापुढे जिथे दरवर्षी मांडव पडतो, तिथे कडेने आठ-दहा लोखंडी कड्या काँक्रीटमध्ये कायमच्या बसवून टाकाव्यात. एकदा बसवल्या की वर्षानुवर्षे पुरतात. कार्याच्या दिवशी एकाने मोबाइलवर हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा आणि विजांची सूचना देणारं "दामिनी" ॲप बघत राहावं. हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने काढलेलं आहे आणि फुकट आहे.

मांडव घातल्यावर यजमानाने एक फेरी मारावी. कडेचा प्रत्येक तणावा हाताने दाबून बघावा, तो तंबोऱ्याच्या तारेसारखा ताठ लागला पाहिजे. प्रत्येक मेखेला पायाने एक ठोकर मारून बघावी. हलली तर मांडववाल्याला तिथल्या तिथे पहार घेऊन बोलवावं. या फेरीला दहा मिनिटं लागतात. अक्षता टाकायला आलेल्या पाव्हण्यांसाठी एवढी दहा मिनिटं काढायला काय हरकत आहे?